कार्स्ट, चुनखडीच्या गुहा आणि अचानक खचणारी जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुई खचून गाडी गडप झाल्याचा व्हिडिओ फिरायला लागला की त्याच आठवड्यात मला निरोप येऊ लागतात. हे कशामुळे होतं, आपल्याकडे होईल का, आमच्या बोअरवेलमुळे काही बिघडेल का? प्रश्न ठरावीक आहेत आणि ते विचारणाऱ्यांची काळजी खरी असते, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, अपवाद शेवटी येतात. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्स्ट म्हणजे नेमकं काय? हा शब्द कुठला?

ज्या भागातला दगड पाण्यात विरघळतो आणि त्यामुळे पाणी जमिनीवरून वाहायचं सोडून जमिनीखालून वाहू लागतं, तो कार्स्ट प्रदेश. तिथे नदी मधेच नाहीशी होते, शेतात वाटीसारखे खळगे दिसतात, पोटात गुहा असतात आणि डोंगराच्या पायथ्याशी अख्खी नदी बाहेर पडावी एवढा मोठा झरा फुटतो. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचं पठार आहे. त्याचं जर्मन रूप कार्स्ट, आणि तेच नाव जगभर रुजलं. योवान त्स्विइच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने १८९३ मध्ये या भूरूपांवर प्रबंध लिहिला आणि या अभ्यासाला शिस्त आली. त्याच पठारावर रेका नावाची नदी श्कोत्सियानच्या गुहेत शिरते आणि सुमारे ४० किलोमीटरवर इटलीत तिमावो या नावाने वर येते.

२. दगड पाण्यात विरघळतो हे पटत नाही. घरी पाहता येईल का?

येईल, आणि जरूर पाहा. शहाबादी फरशीचा एखादा जुना तुकडा घ्या. शहाबादी ही चुनखडीच आहे. तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि डोळे अगदी जवळ न्या. थेंबाच्या कडेने बारीक बुडबुडे उठताना दिसतील. दहा मिनिटांनी पुसलंत तर तेवढी जागा फिकट आणि बोटाला किंचित खरखरीत लागेल. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो आणि तो घासून जात नाही, कारण तो वरून बसलेला डाग नसतो, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. संडासातल्या शहाबादीवर ॲसिड ओतू नये असं घरातली जुनी माणसं सांगतात, त्यामागेही हेच आहे.

पावसाचं पाणी लिंबाएवढं आंबट नसतं, पण थोडं आम्लधर्मी असतंच. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं. खरी ताकद मात्र त्याला मातीतून मिळते. हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो. मुळं आणि जिवाणू श्वास घेत असल्यामुळे मातीतल्या हवेत तो एक टक्क्याच्याही वर जातो. म्हणून जंगलाखालच्या चुनखडीत पाणी जास्त आक्रमक असतं. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये चुनखडी जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळते. मातीतून मुरलेलं पाणी काही शे मिलिग्रॅम घेऊन जाऊ शकतं.

३. एक गुहा तयार व्हायला किती वर्षं लागतात?

सुरुवात फार संथ असते. केसाएवढ्या फटीतून पाणी झिरपत असतं आणि थोडं पुढे गेलं की त्याची विरघळवण्याची क्षमता जवळजवळ संपते. ती फट बोटभर रुंद व्हायलाच हजारो ते लाखभर वर्षं जातात. पण एकदा पाणी आरपार मोकळं वाहू लागलं की ताजं, आम्लयुक्त पाणी शेवटपर्यंत पोचतं आणि वाढीचा वेग एकदम चढतो. शेजारच्या दहा फटी मागे पडतात आणि एकच मोठी होत जाते, कारण जिच्यातून जास्त पाणी जातं तीच जास्त झिजते.

पुढे दरीतली नदी आपलं पात्र खोल करते, भूजलाची पातळी खाली जाते, आणि जुनं भुयार कोरडं ठेवून पाणी खालच्या थरात नवं भुयार कोरतं. मोठ्या गुहांना मजले असतात ते यामुळे. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ गुहेची मोजलेली लांबी ६८० किलोमीटरच्या वर आहे, आणि तिचे मजले म्हणजे तिथल्या ग्रीन नदीच्या खोल होत जाण्याचा इतिहास आहे.

४. सिंकहोल म्हणजे काय? मराठीत त्याला काय म्हणतात?

शालेय भूगोलात ‘विलयविवर’ हा शब्द येतो. बोलताना सगळे सिंकहोल म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. ज्या खळग्यात आलेलं पाणी वरून बाहेर जात नाही, खालीच जिरतं, तो सिंकहोल. काही मीटरपासून कित्येकशे मीटरपर्यंत कुठलाही आकार असू शकतो. चीनमधल्या चोंगचिंग भागातलं श्याओझाई त्यानकेंग सुमारे ६६० मीटर खोल आहे, आणि त्याच्या तळातून नदी वाहते.

५. लाखो वर्षांत होणारी गोष्ट एका रात्रीत घर कसं गिळते?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथेच आहे. एका रात्रीत दगड विरघळत नाही. दगडातली पोकळी कितीतरी आधीची, माणूस तिथे यायच्याही आधीची असते. पडते ती तिच्यावरची माती.

धान्याची कणगी डोळ्यांसमोर आणा. तिच्या तळाला बारीक भोक पडलंय आणि धान्य जरा ओलसर आहे. खालून दाणे गळत राहतात, आत पोकळी होते, पण वरचे दाणे एकमेकांना धरून कमानीसारखे उभे राहतात. वरून पाहिलं तर कणगी भरलेली. पोकळी वर वर सरकत येते, आणि कमान पातळ झाली की एका क्षणी सगळं आत बसतं. चुनखडीतली फट म्हणजे ते भोक. पाणी तिच्यातून मातीचे कण खाली नेतं, चिकणमाती कमान धरून ठेवते, आणि शेवटचा तासभर सोडला तर वर फारसं काही जाणवत नाही.

फ्लोरिडातल्या विंटर पार्कमध्ये ८ मे १९८१ च्या संध्याकाळी एक झाड आत गेलं. दुसऱ्या दिवसापर्यंत खड्डा सुमारे १०० मीटर रुंद झाला होता. एक घर, पोहण्याच्या तलावाचा भाग आणि दुरुस्तीला आलेल्या काही पोर्शे गाड्या त्यात गेल्या. आज तिथे तळं आहे.

६. मग सगळेच सिंकहोल असे धोकादायक असतात का?

नाही. बहुतेक शांत असतात. जिथे दगडावर मातीचा थर फार पातळ आहे तिथे पृष्ठभागच हळूहळू विरघळून वाटी तयार होते. तिच्यात माणसं पिढ्यान् पिढ्या शेती करतात. क्रास पठारावर अशा वाट्यांच्या तळाशी साठलेल्या लाल मातीतच पिकं घेतात, कारण बाकी सगळा उघडा कातळ. माती वाळूसारखी मोकळी असेल तर ती कमान धरत नाही, एकसारखी खाली झिरपते आणि जमीन सावकाश बसते. भीती आहे ती जाड, चिकट मातीची, कारण ती शेवटपर्यंत काही कळू देत नाही. दगडाचं छतच कोसळणं हा चौथा प्रकार. माणसाच्या आयुष्याच्या हिशोबात तो दुर्मीळ.

७. सिंकहोल पावसाळ्यात पडतात की दुष्काळात?

दोन्हीत, आणि सर्वात जास्त दुष्काळानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात. मातीच्या पोकळीत पाणी भरलेलं असतं तोवर ते छताला खालून आधार देतं. पातळी उतरली की आधार गेला. मग पाऊस येतो, माती भिजून जड होते आणि कण वाहून जायचा वेगही वाढतो. विंटर पार्कची घटनाही कोरड्या काळातच घडली होती.

८. यात माणसाचा हात किती?

फार मोठा. पोकळी निसर्गाची, ती आज कोसळणार की आणखी पाच हजार वर्षांनी, हे बऱ्याचदा आपण पाण्याचं काय करतो यावर ठरतं.

जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडातल्या प्लांट सिटीजवळ सलग अकरा रात्री कडाक्याची थंडी पडली. स्ट्रॉबेरी गोठू नये म्हणून शेतकऱ्यांनी रात्रभर भूजल उपसून रोपांवर फवारलं. भूजलाची पातळी सुमारे १८ मीटर उतरली आणि त्या काही दिवसांत शंभराहून जास्त सिंकहोल पडले. तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मैदानात सिंचनासाठी बेसुमार उपसा झाल्यापासून शेतात खड्ड्यांची संख्या वाढत चालली आहे; तिथले लोक त्यांना ओब्रुक म्हणतात. सर्वात दुःखद उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. वेस्ट ड्रिफोन्टेनच्या सोन्याच्या खाणीत काम करता यावं म्हणून वरच्या डोलोमाइट या चुनखडीसारख्याच विरघळणाऱ्या दगडातलं पाणी सतत उपसलं जात होतं. डिसेंबर १९६२ मध्ये खनिज फोडायचा अख्खा कारखाना जमिनीत गेला. २९ माणसं त्यात गेली, आणि त्यांचे मृतदेहही काढता आले नाहीत.

उलटही होतं. फुटलेली जलवाहिनी, गळकं गटार, गच्चीचं पाणी एकाच कोपऱ्यात सोडणं यामुळे एका ठिकाणी जास्त पाणी मुरतं आणि प्रश्न ५ मधली कणगी लवकर रिकामी होते. चुनखडीच्या भागात घर असेल तर पावसाचं पाणी पायापासून लांब, पसरून सोडावं. माझ्या मते याहून स्वस्त आणि उपयोगी उपाय दुसरा नाही.

९. पाणी दगड विरघळवतं म्हणता, मग गुहेत तेच पाणी लवणस्तंभ कसे तयार करतं?

सोड्याची बाटली उघडली की फसफसून वायू बाहेर येतो, तसं. मातीतून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. गुहेच्या छताला तो थेंब लोंबकळला की वायू निसटतो, पाण्याची चुना धरून ठेवायची ताकद कमी होते, आणि नखाच्या कडेएवढाही नसलेला थर मागे राहतो. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार चढतो तो याच जातीचा, फक्त तिथे वायू उष्णतेने निघून जातो. छताकडून खाली येतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी.

वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणून हात लावू नका असं मी कळवळून सांगतो. बोटावरचं तेल आणि घाम तिथे बसला की पुढचा थर नीट धरत नाही. एका गुहेत रेलिंगच्या हाताशी येणारे सगळे स्तंभ काळपट, गुळगुळीत आणि हाताच्या उंचीपलीकडचे दुधासारखे पांढरे पाहिले. ती रेघ अजून डोळ्यांपुढून हटत नाही.

या थरांत पावसाची नोंदही असते. मेघालयात सोहरा, म्हणजे चेरापुंजीजवळच्या मॉमलुह गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून कमकुवत झाल्याची खूण सापडली. भूशास्त्रीय कालगणनेतल्या सध्याच्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं ते त्यावरून.

१०. कार्स्ट प्रदेश म्हातारा होतो असं वाचलं. म्हणजे काय?

सुटे खळगे वाढत जाऊन एकमेकांना भिडतात. पुढे रुंद, सपाट तळाची खोरी होतात. बाल्कन भागात त्यांना पोल्ये म्हणतात, म्हणजे शेत. स्लोव्हेनियातलं त्सेर्कनित्सा हे असं खोरं. पाऊस झाला की फटींमधून पाणी वर येतं आणि कित्येक चौरस किलोमीटरचं तळं भरतं. कोरड्या दिवसांत तेच पाणी त्याच फटींतून निघून जातं. लोकांनी एकाच जागेवर एका ऋतूत मासे धरले आणि दुसऱ्या ऋतूत गवत कापलं.

उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात शेवट वेगळा होतो. खळग्यांच्या मधले भाग सुटे सुळके होऊन उभे राहतात. चीनमधलं क्वेलिन त्यासाठीच प्रसिद्ध आहे. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरातली बेटं म्हणजे समुद्राने वेढलेले असेच सुळके. मात्र प्रत्येक प्रदेश हे सगळे टप्पे घेतोच असं नाही. जमीन उचलली गेली, हवामान बदललं किंवा दगडाचा थरच संपला, तर गोष्ट मधेच वळते.

११. महाराष्ट्रात कार्स्ट आहे का? भारतात कुठे पाहता येईल?

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. तो झिजतो, पण चुनखडीसारखा विरघळून भुयारं करत नाही. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही माणसाने कोरलेली लेणी आहेत. चुनखडी आपल्याकडे पूर्व विदर्भात आहे, यवतमाळमधल्या वणी आणि चंद्रपूरमधल्या राजुरा-कोरपना भागात, आणि सिमेंटचे कारखाने तिथे आहेत ते त्याच कारणाने.

पाहायला जायचं तर आंध्रातल्या बेलम गुहा. सपाट शेतात विहिरीसारखी तीन तोंडं आहेत. ती सिंकहोलच, आणि मधल्या तोंडातून आपण उतरतो. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर. ज्या काळ्या चुनखडीच्या पट्ट्यातून आपल्या ओट्यांचा कडप्पा येतो, त्याच पट्ट्यात ही गुहा आहे. विशाखापट्टणमहून रेल्वेने जाता येणारी बोरा गुहा आणि बस्तरमधलं कुटुमसरही पाहण्यासारखं. पण गुहांचं माहेरघर मेघालय. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात, आणि क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे.

१२. मग घाटकोपरला गाडी जमिनीत गेली ती कशी?

१३ जून २०२१ ला सोसायटीच्या आवारात उभी असलेली गाडी पाण्यात बुडताना सगळ्यांनी पाहिली. तिथे जुनी विहीर होती, तिच्यावर काँक्रीटचा थर टाकून वाहनतळ केला होता, आणि पावसात तो थर खचला. मुंबई-पुण्यात रस्ता अचानक खचतो तेव्हा बुजवलेली विहीर, फुटलेली वाहिनी किंवा नीट न दाबलेला भराव, यांपैकीच काहीतरी खाली निघतं. प्रश्न ५ मधली माती वाहून जायची क्रिया तीच, पण गळती दगडातून नाही, आपल्या बांधकामातून. आपल्या शहरांना काळजी करायची ती चुनखडीची नाही. जुन्या नकाशांवरच्या विहिरी कुठे गेल्या, हे शोधायला हवं.

१३. लोणार आणि निघोजचे रांजणखळगे हे सिंकहोल आहेत का?

दोन्ही नाहीत. लोणार उल्काघातामुळे झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. निघोजला कुकडीच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गोल फिरून कातळ घासतात आणि रांजण होतात. तिथे विरघळणं नाही, घासणं आहे.

१४. जोशीमठ?

तेही नाही. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे आणि तो उतारच सरकतो आहे. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले ते त्यामुळे.

१५. चुनखडीच्या भागातलं झऱ्याचं पाणी जमिनीतून गाळून आलेलं, म्हणजे शुद्ध ना?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. वाळूतून किंवा मुरमातून पाणी झिरपतं तेव्हा गाळलं जातं. कार्स्टमध्ये ते नळातून यावं तसं भुयारातून धावतं. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी इमेंडिंगनजवळ फटींमध्ये जातं. ऑक्टोबर १८७७ मध्ये आडोल्फ क्नोप या भूशास्त्रज्ञाने तिथे १० किलो फ्लुओरेसीन रंग सोडला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आख गावचा झरा हिरवा चमकू लागला. काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी डोंगराखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात शिरून उत्तर समुद्राला जात होतं.

जे रंगाचं, तेच मैल्याचं आणि कीटकनाशकाचं. शेतातल्या खळग्यात मेलेलं जनावर किंवा कचरा टाकला तर तो दोन-तीन दिवसांत दुसऱ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात पोचू शकतो. पाणी उकळून प्या, आणि खळग्याला उकिरडा करू नका.

१६. चुनखडीशिवाय असं काही होत नाही का?

होतं. जिप्समच्या दगडात तर जास्तच वेगाने, कारण तो लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम विरघळतो. मीठ ३६० ग्रॅम. मृत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटरने उतरते आहे. किनाऱ्याखाली मिठाचा जुना थर आहे. पूर्वी तिथे खारं पाणी होतं, त्यामुळे तो टिकला. आता गोडं भूजल पोचतं आणि मीठ विरघळतं. १९८० च्या दशकापासून तिथे हजारो खड्डे पडले आहेत.

काही ठिकाणी दिसतं कार्स्टसारखं, पण विरघळणं नसतं. ग्वाटेमाला सिटीत २०१० मध्ये पडलेलं सुमारे २० मीटर रुंदीचं खोल भोक ज्वालामुखीच्या मोकळ्या राखेत होतं. कोकणातल्या सड्यांवर जांभ्याच्या कठीण पापुद्र्याखालची मऊ माती वाहून जाते आणि भुयारं होतात, तेही याच जातीचं. मेघालयातलं क्रेम पुरी वालुकाश्मातलं, आणि तरीही २४ किलोमीटरहून लांब.

१७. गुहा नेहमी वरून येणाऱ्या पाण्यानेच होतात?

नेहमी नाही. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड आणि लेचुगिया गुहा खालून घडल्या. तेलाच्या साठ्यांकडून वर आलेला हायड्रोजन सल्फाइड प्राणवायूच्या संपर्कात येऊन सल्फ्युरिक आम्ल झाला आणि त्याने दगड खाल्ला. मागे राहिलेले जिप्समचे ढीग हा त्याचा पुरावा. आणखी एक चकवा: चुन्याने पूर्ण तृप्त झालेले दोन वेगवेगळे प्रवाह एकत्र आले की ते मिश्रण पुन्हा दगड विरघळवू शकतं. युकातानच्या किनाऱ्याजवळ गोडं आणि खारं पाणी मिसळतं, आणि तिथल्या सेनोते नावाच्या पाणगुहा वाढण्यात याचा मोठा वाटा आहे.

१८. समुद्रातले ‘ब्लू होल’ हेही तेच का?

हो. बेलिझचं ग्रेट ब्लू होल सुमारे ३०० मीटर रुंद आणि १२५ मीटर खोल आहे. त्याच्या कडांना पाण्याखाली लवणस्तंभ लोंबकळतात, आणि प्रश्न ९ वाचलात तर लक्षात येईल की ते फक्त हवेतच वाढतात. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा ती कोरडी गुहा होती.

१९. खचायच्या आधी काही कळतं का? आणि खड्डा मुरूम टाकून बुजवला की झालं ना?

कधी कधी कळतं. जमिनीवर गोलाकार भेग उमटते, कुंपणाचा खांब किंवा झाड एका बाजूला कलतं, दारं-खिडक्या अडकू लागतात, विहिरीचं पाणी पाऊस नसताना गढूळ येतं, शेततळं रात्रीत रिकामं होतं. यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं तर घर रिकामं करा आणि कडेला उभं राहून खाली पाहू नका. कड आतून पोकळ असते.

नुसता मुरूम टाकणं म्हणजे भोक तसंच ठेवून कणगीत पुन्हा धान्य ओतणं. आधी खणून दगडातलं तोंड शोधायचं, त्यावर मोठे दगड बसवायचे, मग लहान, मग खडी, मग वाळू, आणि शेवटी दाबलेली चिकणमाती. पाणी जातं, माती अडते. पोकळी खोल असेल तर सिमेंटचा गारा दाबाने भरतात. एवढं करूनही खात्री नसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या सेफनर इथे झोपलेला माणूस पलंगासकट खाली गेला. घर पाडलं, खड्डा भरला, भोवती कुंपण घातलं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्याच जागी जमीन पुन्हा उघडली, आणि जुलै २०२३ मध्ये तिसऱ्यांदा.